तुमचे प्रश्न: छातीचे आणि आयसीयूचे डॉक्टर व्हायचंय

मागच्या अंकात मी आयसीयूमधल्या एका नाइट ड्युटीबद्दल लिहिलं होतं, त्यावर खूप मेल आले. बहुतेकांचा सूर एकच, या शाखेत यावं का आणि आलो तर टिकू का. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून त्यातले सात निवडलेत, नावं मुद्दाम काढून टाकलीयत.

प्रश्न: मॅडम, माझी मेडिकलची इंटर्नशिप चालू आहे. फुप्फुसं आणि क्रिटिकल केअर हे दोन्ही एकत्र का शिकवतात हेच मला नीट कळलेलं नाही. दमा-टीबी बघणारे वेगळे आणि आयसीयू सांभाळणारे वेगळे, असं का नाही? आणि यात एकूण किती वर्षं जातात?

हे कळायला १९५२ सालच्या डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला जावं लागतं. जरा लांबण लागेल पण सांगतेच, कारण माझ्या मते आमच्या शाखेचा जन्म तिथे झाला. त्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची भयानक साथ आली होती. ब्लेगडाम हॉस्पिटलमध्ये रोज नवे पेशंट येत होते, अनेकांचे श्वासाचे स्नायूच लुळे पडलेले, गिळताही येत नाही, आणि श्वास द्यायला मशीन किती तर एक आयर्न लंग (मानेखालचं शरीर आत ठेवायची श्वासाची लोखंडी पेटी) आणि छातीवर बसवायची सहा कवचासारखी यंत्रं, बस. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ पेशंटपैकी २७ गेले. रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसायचं आणि डॉक्टर गोंधळात, की हा कसला तरी अल्कलोसिस, म्हणजे रक्तातलं आम्ल कमी होणं, असावा. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला विचारलं तर ते म्हणाले की हा कार्बन डायऑक्साइड साठलाय, पेशंटला श्वास कमी पडतोय. २७ ऑगस्टला त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यातून श्वासनलिकेत नळी घातली आणि हाताने पिशवी दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. ती वाचली.

पण एवढ्या पेशंटना पिशवी दाबणार कोण? मेडिकलच्या विद्यार्थ्यांना बोलावलं. जवळपास १५०० मुलंमुली पाळीपाळीने पेशंटच्या उशाशी बसली, तासन् तास, दिवसरात्र, एकेका वेळी सत्तरेक पेशंटसुद्धा असायचे. तुझ्याच वयाची मुलं ती, आणि त्यांच्या हाताची लय हाच समोरच्या माणसाचा श्वास. मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून ४० च्या आसपास आलं, पुढे त्याहून खाली गेलं. पुढच्या वर्षी इब्सेननी त्याच शहरात अशा पेशंटसाठी वेगळा विभाग सुरू केला आणि आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो तो तिथून सुरू झाला.

म्हणजे आयसीयू श्वास देता देताच जन्माला आलं. पुढेही तेच दिसतं बघ, न्यूमोनिया असो, सेप्सिस (संसर्गामुळे अवयव बिघडणं) असो, विष घेतलेला माणूस असो की मोठ्या ऑपरेशननंतरचा, शेवटी बहुतेकांची गाठ फुप्फुसांशी पडते आणि व्हेंटिलेटरशी पडते. ज्याला फुप्फुस आतून माहितीय त्यालाच मशीनवर चांगलं काम जमतं, आणि ज्याने मशीनवरचं फुप्फुस रात्रभर बघितलंय तो ओपीडीतल्या धापेकडेही वेगळ्या नजरेने बघतो. अर्थात सगळीकडे दोन्ही जोडूनच शिकवतात असं नाही. अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची ३ वर्षं आणि त्यावर दोन्हीची मिळून ३ वर्षांची फेलोशिप असते, डेन्मार्क-स्वीडनकडे आयसीयू आजही मुख्यतः भूलतज्ज्ञ सांभाळतात, ऑस्ट्रेलियात क्रिटिकल केअर ही स्वतंत्रच शाखा आहे. साधारण हिशोब म्हणून मेडिकलनंतर किमान पाच-सहा वर्षं शिकण्याची धरून चाल, आणि त्यातल्या बऱ्याच रात्री जागून काढायच्या आहेत हेही धर.

प्रश्न: मॅम, रेसिडेन्सीचा दुसरा महिना चालू आहे. व्हेंटिलेटरचे मोड (श्वास द्यायच्या वेगवेगळ्या पद्धती) डोक्यात राहत नाहीत, सीनियर बटणं दाबत सुटतात आणि मी बघत बसतो. या शाखेला मशीनचं डोकं असावं लागतं का? मला ते नाहीये असं वाटतंय.

मोड येतात रे, सहा महिन्यांत झोपेतही सांगशील. मला जे शिकायला वेळ लागला ते वेगळंच होतं.

मी तुझ्याच जागी होते तेव्हाची गोष्ट. रात्री एक बाई आल्या, बुटक्या आणि अंगाने चांगल्या जाड, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरून एआरडीएस झालेला, म्हणजे फुप्फुसं सुजून पाण्याने भरलेली. इंट्युबेट केलं, म्हणजे तोंडातून श्वासनलिकेत नळी घातली, व्हेंटिलेटर लावला, आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने वजन ९० किलो, किलोमागे ६ मिली, म्हणून ५४० चा टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासाला द्यायची हवा, लावून दिला. ६ चा आकडा पाठ होता ना. मशीन प्रेशरचा अलार्म देतंय, मी सीडेशन (झोपेचं औषध) वाढवतेय, तरी देतंय, आणि मला वाटतंय की फुप्फुसं खराब आहेत म्हणून असं होतंय. सीनियर आल्या, मॉनिटरकडे बघितलंसुद्धा नाही, ड्रॉवरमधून मोजायची टेप काढली आणि एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाल्या टाचेला धर. उंची भरली १५० सेंटीमीटर. मग त्यांनी माझ्याकडून तिथेच कागदावर हिशोब करून घेतला, बाईमाणसाचं अपेक्षित वजन म्हणजे ४५.५ अधिक ०.९१ गुणिले उंचीतून १५२.४ वजा, उत्तर आलं ४३ किलोच्या आसपास. सहाने गुणलं की २६०. मी त्या बाईंच्या फुप्फुसांत दर श्वासाला दुपटीहून जास्त हवा कोंबत होते. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही, फुप्फुसाचा आकार उंचीवर जातो, हे मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं, आणि बेडपाशी ते मला आठवलं नाही.

त्या बाई बऱ्या होऊन घरी गेल्या, पण माझ्या चुकीची ती चाळीस मिनिटं मी आजही विसरलेले नाहीये. तेव्हापासून माझ्या खिशात टेप असते.

आणि हा ६ चा आकडा कुठून आला तेही वाच. २००० साली अमेरिकेतल्या ८६१ पेशंटवरचा अभ्यास छापून आला, निम्म्यांना किलोमागे १२ मिलीने सुरुवात, निम्म्यांना ६ ने. १२ वाल्यांमध्ये जवळपास ४० टक्के गेले, ६ वाल्यांमध्ये ३१ टक्के. नवं औषध काहीच नाही, फक्त कमी हवा. त्याआधी आपण सगळे जगभर चांगल्या हेतूने रक्तातले आकडे सुंदर दिसावेत म्हणून जास्त हवा भरत होतो आणि आधीच सुजलेलं फुप्फुस ताणून फाडत होतो. व्हेंटिलेटर फुप्फुस बरं करत नाही, तो वेळ मिळवून देतो, बरं फुप्फुस आपलं आपण होतं, आणि तोवर आपल्या हातून त्याला इजा होऊ नये एवढं बघायचं असतं. यासाठी मशीनचं डोकं नाही लागत. पेशंटची छाती किती वर येतेय, तो मशीनशी भांडतोय का, मानेचे स्नायू ओढतायत का हे बघायला बेडपाशी उभं राहावं लागतं. सीनियर बटणं दाबत असतील तेव्हा तू स्क्रीनकडे नको बघूस, बटण दाबल्यावर पेशंटचं काय होतंय ते बघ आणि नंतर सीनियरना विचार की हेच का केलंत. न सांगणारा सीनियर मला तरी क्वचितच भेटलाय.

प्रश्न: डॉक्टर, आमची मुलगी क्रिटिकल केअरची फेलोशिप करतेय. घरी आली की बोलत नाही, जेवताना ताटाकडे बघत बसते. परवा म्हणाली बाबा आज तीन गेले. आम्हाला काय बोलावं कळत नाही. हे काम तिला आतून मोडून तर टाकणार नाही ना?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. खोटा धीर देणार नाही. आयसीयूत माणसं जातात, उत्तम आयसीयूतही जातात, आणि काही वेळा एका ड्युटीत तीन जातात. यातून थकून, आतून कोरडे होऊन शाखा सोडणारे डॉक्टर आहेत, माझ्या बरोबरीचे होते, हुशार होते. तेव्हा तुमची काळजी चुकीची नाहीये.

पण एक सांगते, नवीन डॉक्टरला मृत्यूपेक्षाही मृत्यू सांगायचा असतो ते जास्त जड जातं. आम्हाला इंट्युबेशन शिकवतात, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) शिकवतात, आणि बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला त्याची आई आता परतणार नाही हे कसं सांगायचं ते मात्र बऱ्याच ठिकाणी कोणी शिकवत नाही. मी सुरुवातीला उभ्या उभ्या सांगायचे, मेडिकल शब्दांत, मल्टिऑर्गन फेल्युअर वगैरे, आणि घाईने आत निघून यायचे. त्या माणसाचा चेहरा मग रात्रभर माझ्यासोबत असायचा. आता मी खोली शोधते, खुर्ची घेते, फोन दुसऱ्याकडे देते, आधी विचारते की तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय, मग साध्या शब्दांत सांगते, मरण हा शब्द टाळत नाही, आणि त्यानंतर गप्प बसते. ते गप्प बसणं फार कठीण असतं, तोंडून काहीतरी सांत्वनाचं निघू पाहतं, पण ती वेळ त्यांची असते. असं केल्यापासून दुःख कमी झालं नाही पण ते चेहरे पाठलाग करायचे थांबले. तिला विचारून बघा, बातमी सांगताना सोबत कोणी सीनियर असतात का, आणि नसतील तर तिने मागून घ्यावं.

घरात तुम्ही काय करायचं? सल्ला देऊ नका, दुसरी सोपी शाखा घे असं तर मुळीच म्हणू नका, निदान आत्ता नको. ती तीन गेले म्हणाली ना, तर विचारा कोण होते ते. तिला सांगायचं असेल तर सांगेल. आकड्याच्या जागी माणूस आला की बोलणं सुरू होतं असा माझा अनुभव आहे. पण झोप सलग उडाली, कामाला जायच्या आधीच रडू येतंय, किंवा उलट कशाचंच काही वाटेनासं झालंय असं दिसलं तर थांबू नका, तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगा. मीही गेलेय, एका वाईट वर्षानंतर, आणि त्याने मी या कामात राहिले.

प्रश्न: मॅडम, मी बारा वर्षं आयसीयूत नर्स आहे. तुमच्या लेखात डॉक्टरच डॉक्टर दिसतात. करिअर फक्त त्यांचंच असतं का?

सिस्टर, बरोबर बोललात, ती माझी चूक आहे. २०१३ साली फ्रान्समधला मोठा अभ्यास आला, की गंभीर एआरडीएसच्या पेशंटला दिवसाचे किमान १६ तास पालथं ठेवलं तर महिन्याभरातले मृत्यू जवळपास निम्मे होतात, ३३ टक्क्यांवरून १६ वर. आम्ही डॉक्टर हा आकडा कॉन्फरन्समध्ये सांगतो. पण नळी, लाइन, कॅथेटर काही न निसटता एका बेशुद्ध माणसाला पालथं करतं कोण, तर उशाशी नळी धरून आकडे मोजणारा एक आणि दोन्ही बाजूंनी चारजण, आणि पुढचे सोळा तास डोळे, गाल, गुडघे दाबले जात नाहीत ना हे बघतं कोण? तुम्ही. यातल्या बहुतेक सगळ्या गोष्टी मी सिस्टर लोकांकडून शिकले, पेशंट बिघडतोय हे एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) यायच्या आधी त्यांना कळलेलं असतं. नव्या रेसिडेंटने पहिल्याच आठवड्यात हे ओळखलं तर त्याची किती वर्षं वाया जायची वाचतील ते मोजता येणार नाही.

प्रश्न: या शाखेत टीबी वगैरे आपल्याला होण्याची भीती किती? पुढे मूल हवं असेल तर काय?

भीती आहे, आणि ती मनात असलेली बरी. ज्यांनी १८१६ मध्ये पॅरिसला कागदाची गुंडाळी करून पहिला स्टेथोस्कोप बनवला आणि फुप्फुसांचे आवाज ऐकून त्यांना नावं दिली ते लॅनेक १८२६ मध्ये स्वतः टीबीनेच गेले. आता आपल्याकडे औषधं आहेत, एन-९५ मास्क आहे, हवा खेळती ठेवायची समज आहे. ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका आतून बघणं) आणि इंट्युबेशनला मास्क नीट घट्ट बसवल्याशिवाय हात लावायचा नाही, कितीही घाई असली तरी, इथे दोन मिनिटं वाचवायला जाऊ नका. मूल होतं, माझ्या अनेक मैत्रिणींना फेलोशिपच्या काळातच झालं. फक्त प्रेग्नन्सी कळली की लगेच डिपार्टमेंटला सांगायचं, एक्स-रे आणि संसर्गाच्या ड्युट्या बदलून घ्यायच्या, आणि त्यासाठी कोणाची माफी मागायची नाही.

प्रश्न: वय ४४. नाइट ड्युटी आता झेपत नाही. आयसीयू सोडून फक्त छातीची ओपीडी करावी का, की ते कंटाळवाणं होईल? खरं सांगा.

कंटाळवाणं? अजिबात नाही. आयसीयूत आपण माणसाला चार-सहा दिवस भेटतो आणि त्यातलेही बरेच तास तो झोपवलेला असतो. ओपीडीत तो वीस वर्षं येतो.

एक आजोबा माझ्याकडे दम्याचे म्हणून आले, तीन ठिकाणी दाखवून, दर ठिकाणी औषधाचा डोस वाढलेला, तरी रात्री धाप लागतेच. मी म्हटलं तुमचा पंप काढा आणि घरी घेता तसाच घेऊन दाखवा. त्यांनी झाकण काढलं, हलवलं नाही, तोंडात धरलं, दाबलं, आणि त्यानंतर श्वास घेतला. औषध सगळं जिभेवर आणि घशात. तीन डॉक्टरांनी लिहून दिलं पण घेऊन दाखवा कोणी म्हटलं नव्हतं. मग आम्ही दोघांनी बसून केलं, हलवायचं, आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, मग सावकाश आत ओढायला लागल्यावर दाबायचं, दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचं, नंतर चूळ भरायची. हातांना ती वेळ साधत नव्हती म्हणून स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, दिला. पावडरच्या पंपाचं बरोबर उलटं असतं, तिथे श्वास जोरात ओढावा लागतो, आणि पेशंटकडे दोन्ही असतील तर गोंधळ ठरलेला. पुढच्या भेटीत आजोबा म्हणाले की रात्रभर झोपलो, आणि मी नंतर हळूहळू त्यांचं औषध कमी करत गेले.

त्याखेरीज तंबाखू-सिगारेट सोडवणं आहे, झोपेतल्या श्वासाचे आजार आहेत, फुप्फुसं कडक होत जाणारे आयएलडी आहेत, त्यांचा तो वेलक्रो उघडल्यासारखा आवाज पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला की लगेच ओळखू येतो, ब्रॉन्कोस्कोपी आहे. ४४ वर्षांच्या माणसाकडे जो धीर असतो तो इथे फार उपयोगी पडतो. पूर्ण तोडू नका एवढंच सुचवेन, जमलं तर आठवड्यातले दोन दिवस सकाळचा आयसीयू राउंड ठेवा, नव्या मुलांना तुमची गरज आहे.

प्रश्न: मी १७ वर्षांची आहे. माझे बाबा १८ दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि घरी आले. तेव्हापासून मला हेच करायचंय. तुम्ही रोज सकाळी आयसीयूत गेल्यावर आधी काय बघता?

बाबा घरी आले हे वाचून खूप बरं वाटलं. त्यांना चालताना दम लागत असेल, हात थरथरत असतील, रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर घाबरू नका, इतके दिवस आयसीयूत राहिलेल्यांना हे बऱ्याचदा होतं आणि महिनोन् महिने राहू शकतं, डॉक्टरांना मात्र जरूर सांगा.

मी सकाळी प्रत्येक बेडपाशी एकच प्रश्न घेऊन जाते, यांची नळी आज काढता येईल का? झोपेचं औषध थांबवायचं, माणूस जागा होतोय का, डोळे उघडून माझ्याकडे बघतोय का, हात दाब म्हटलं की दाबतोय का. मग मशीनची मदत अगदी कमी करून अर्धा तास ते दोन तास त्याला स्वतःच्या बळावर श्वास घेऊ द्यायचा. त्या वेळात मी शेजारी असते. श्वास मिनिटाला किती आणि प्रत्येक श्वास किती मोठा हे बघत राहायचं, छोटे छोटे भराभर श्वास सुरू झाले, कपाळावर घाम आला की आज नाही, मदत परत वाढवायची आणि उद्या पुन्हा. काहींना हे आठ-आठ दिवस उद्या पुन्हा चालतं. आणि जमलं तर खोकायला सांगायचं, नळीतून आणि तोंडातून सगळं ओढून घ्यायचं, नळीभोवतीच्या फुग्यातली हवा काढायची, आणि श्वास सोडताना एका झटक्यात नळी बाहेर.

गेल्या आठवड्यात अशीच एका काकांची काढली, अकराव्या दिवशी. खूप खोकले, डोळ्यांत पाणी आलं, सिस्टरनी ऑक्सिजन लावला. घसा पूर्ण बसलेला असतो अशा वेळी, म्हणून मी म्हटलं बोलू नका थोडा वेळ. त्यांनी ऐकलं नाही. मला खाली वाकायची खूण केली आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, आज वार कोणता?